आधी तोंड, मग बोट

आमच्या शाळेत इंटरॅक्टिव्ह पॅनेल आलं तेव्हा माझ्या नोकरीला एकवीस वर्षं झाली होती, आणि त्यातली बरीचशी मी पहिली-दुसरीच्या वर्गावर काढली होती. शाळा जिल्हा परिषदेची, तासगावपासून एसटीनं वीसेक मिनिटांवर. शिक्षक दोनच. पहिली-दुसरी एका खोलीत माझ्याकडे, तिसरी-चौथी शेजारच्या खोलीत मुख्याध्यापकांकडे. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, कोरेगावकडचं, सासर सांगलीचं. मी रोज सांगलीहून ये-जा करायचे.

पॅनेल दिलं ते याच शाळेत शिकलेल्या एका गृहस्थांनी. कुपवाडला त्यांचा लहानसा कारखाना आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन माणसं टेम्पोतून ते घेऊन आली आणि माझ्या वर्गात फळ्याशेजारी बसवून गेली. बसवताना त्यांनी उंचीचा अंदाज स्वतःवरून घेतला. दुसऱ्या दिवशी पहिलीतल्या मुलांचे हात जेमतेम त्याच्या खालच्या कडेला पोचले. मग मुख्याध्यापकांनी गावातल्या वायरमनला बोलावलं, भिंतीला नवी भोकं पाडली आणि ते खाली घेतलं. आता मला वाकून शिकवावं लागायचं, पण मुलांच्या ते नेमकं तोंडासमोर आलं. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला ‘मोठा मोबाईल’ असं नाव देऊन टाकलं.

मी सुरुवातीला त्याला घाबरत होते. सांगलीत एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, त्यात मी वहीत सगळं लिहून घेतलं, तरी वर्गात उभं राहिल्यावर कुठलं बटण कुठं हे आठवायचं नाही. त्याला बोट कुणाचंही चालायचं, आणि बोटच लागतं असंही नव्हतं. माझ्या साडीचा पदर लागला तरी ते उत्तर धरायचं आणि चूक म्हणून आवाज करायचं. मुलं खूप हसायची. आठवड्याभरात मी पदर खोचून उभी राहायला शिकले आणि मग भीती गेली.

पॅनेलसोबत वाचनाचा एक कार्यक्रम आला होता. पडद्यावर एक चित्र यायचं, बाईच्या गोड आवाजात शब्द ऐकू यायचा, ‘कमळ’, आणि खाली तीन शब्द लिहून यायचे. त्यातला बरोबर शब्द बोटानं दाबायचा. बरोबर आला की चांदण्या पडायच्या. प्रत्येक शब्दाशेजारी भोंग्याचं छोटं चित्र होतं. ते दाबलं की तो शब्द वाचून दाखवला जायचा.

दुसरीत एक मुलगी होती. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, बारीक आवाज, जागा कायम खिडकीशी. पहिलीचं वर्ष तिचं फुकट गेलं होतं. क आणि फ मध्ये ती अडकायची, वेलांटी आली की गप्प बसायची, आणि मी जवळ गेले की पाटी हातानं झाकायची. पॅनेल आलं आणि तिच्यात फरक पडला. ती हात वर करायला लागली. समोर आली की आधी तिन्ही शब्दांचे भोंगे एकेक करून दाबायची, मान वाकडी करून ऐकायची आणि मग बरोबर शब्दावर बोट ठेवायची. तिची चूक कधी म्हणून व्हायची नाही. मी बाकीच्यांना सांगायचे, “बघा, ही घाई करत नाही. तीनदा तपासून मग उत्तर देते.” हळूहळू सगळा वर्ग तिच्यासारखंच करायला लागला आणि सगळ्यांच्याच चांदण्या वाढल्या.

मुख्याध्यापकांनी तिचा मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. आमच्या भागातल्या शाळा बघणाऱ्या केंद्रप्रमुखांचा लगेच फोन आला. केंद्रातल्या शिक्षकांची फेब्रुवारीतली शिक्षण परिषद आपल्याच शाळेत घेऊ, म्हणाले, आणि मॅडमनी पॅनेलवर एक नमुना पाठ द्यावा. पॅनेल देणाऱ्या गृहस्थांनाही बोलवायचं ठरलं. मला आनंद झाला. इतक्या वर्षांत माझा पाठ बघायला कुणी मुद्दाम आलं नव्हतं.

परिषदेच्या आधीच्या सोमवारी त्या मुलीची आई शाळेच्या फाटकाशी उभी होती. ती जवळच्या बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जायची. वाळलेल्या बेदाण्यातून काड्या आणि डागी माल वेचून वेगळा करायचा, दिवसभर मांडी घालून. पहाटेपासूनचं काम तसंच टाकून आलेली, डोक्याला रुमाल बांधलेला, हात चिकट, त्यामुळे ती फाटकाला हात न लावता उभी होती. तिनं माझ्याशी आधी कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलल्याचं मला आठवत नाही.

“आवं बाई, एक इचारू का? राग न्हाई न्हवं यायचा?”

“विचारा की.”

“पोरगी हुशार हाय असं तुमी म्हणता. त्यो व्हिडिओ मला बी दावला शेजारणीनं. लय बरं वाटलं.” ती थांबली. “काल रईवार, म्हणून पोरीला शेडवर नेलं हुतं. तितं खोक्यांवर लिवल्यालं असतंय, हिरवा माल कंचा, पिवळा कंचा. मला काय वाचाया येत न्हाई. म्या म्हणलं, सांग गं पिवळ्याचं खोकं कंचं. तर हिनं त्या अक्षरावर बोट ठिवलं आन् गप हुबी ऱ्हायली. म्या म्हणलं, काय करतीस? तर म्हणती, आई, ह्ये बोलत न्हाई.”

सांगताना ती हसली. मीही हसले.

“तितल्या बायका लय हसल्या,” ती म्हणाली. “पोरगी रडाया लागली. बाई, तुमच्या त्या फळ्यावर तिला येतंय, मग खोक्यावर का येत न्हाई? माझं काय चुकत असंल तर सांगा.”

“तुमचं काही चुकलं नाही,” मी म्हणाले. “मी बघते.”

त्या दिवशी मी परिपाठ कसाबसा उरकला आणि वर्गात जाऊन पॅनेलचा आवाज बंद केला. मुलांना वाटलं बिघडलं. मी म्हणाले, बिघडलं नाही, आज आपण असंच खेळायचं. चित्रं झाकून टाकली, नुसते शब्द ठेवले. एकेकाला बोलावलं. मुलं यायची, भोंगा दाबायची, आवाज आला नाही की परत दाबायची, आणि मग माझ्याकडे बघायची. दुसरीतल्या चार मुलांनी वाचलं. ती चारही पॅनेल यायच्या आधीपासून वाचत होती. ती दोन वेण्यांची मुलगी पुढं आली, तिन्ही भोंगे दाबले आणि हात मागं घेतला.

“बाई, आज सांगंना ते,” ती म्हणाली.

तेव्हा मला सगळा प्रकार समजला. ती तीनदा तपासत नव्हती. एकदा वरचा आवाज ऐकायचा, मग खालचे तीन ऐकायचे, आणि ज्याचा आवाज वरच्यासारखा असेल तो दाबायचा. अक्षरांकडे बघायची तिला गरजच पडत नव्हती. डोळे मिटूनही तिला जमलं असतं. मुलगी हुशार होती, यात शंका नव्हती. मीच तिला ऐकायला शिकवत होते आणि ती वाचतेय असं समजून चालले होते. तिच्यामागून सगळ्या वर्गाला तेच करायला लावलं होतं.

संध्याकाळी एसटीत बसल्यावर मला राहून राहून माझी आई आठवली. माझे वडील सैन्यात होते. आईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे वडिलांचं आंतर्देशीय पत्र आलं की मी वाचून दाखवायचे. तेव्हा मी दुसरीतच होते. जोडाक्षर आलं की मी ते गाळायचे, कारण अडखळलं की आई काळजीत पडायची. एकदा पत्रात ‘या महिन्यातली सुट्टी रद्द झाली’ असं होतं. महिना, सुट्टी हे शब्द ओळखीचे होते, शाळेच्या फळ्यावर असायचे. ‘रद्द’ मला वाचता आलं नाही. मी तो सोडून दिला आणि वाचलं, ‘या महिन्यातली सुट्टी झाली.’ सुट्टी मिळाली, वडील येणार, असं समजून आई हरखली. तिनं घर सारवलं, करंज्या केल्या, दोन दिवस मला घेऊन कोरेगावच्या एसटी स्टँडवर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकांनी पत्र वाचलं तेव्हा कळलं. आईनं करंज्या आळीत वाटून टाकल्या. त्यातली एकही मी खाल्ली नाही, एवढं मला पक्कं आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना सांगितलं की नमुना पाठ मी देणार नाही. ते स्वभावानं चांगले, पण सगळी निमंत्रणं गेली होती.

“मॅडम, पॅनेल बाद आहे असं म्हणायचंय का तुम्हाला? ते गृहस्थ येणार आहेत. त्यांच्यापुढं काय बोलणार?”

“पॅनेलमध्ये काही दोष नाही सर. मी ते चुकीचं वापरलं.”

“मग तसंच वापरा अजून एक दिवस. परिषद होऊ द्या, मग काय बदलायचं ते बदला.”

त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं, आणि खरं सांगायचं तर तासभर मीही तसाच विचार केला. आवाज चालू ठेवला असता तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण ती मुलगी पुढं येणार, भोंगे दाबणार, टाळ्या वाजणार, आणि मी तिच्या आईला दुसऱ्या दिवशी फाटकाशी भेटणार. ते मला जमलं नसतं. मुलांना आवाजाशिवाय उभं करून सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचीही माझी तयारी नव्हती.

शेवटी परिषदेच्या दिवशी मुलं दुपारी घरी गेल्यावर मी पॅनेलसमोर एकटी उभी राहिले आणि काय झालं ते सांगितलं. खोक्याची गोष्ट सांगितली तेव्हा काही जण हसले. मग मी आवाज बंद करून दाखवला आणि मुलं काय करतात ते सांगितलं, तेव्हा हसणं थांबलं. पलूसच्या बाजूनं स्कूटीवर येणारी एक तरुण शिक्षिका म्हणाली, “मॅडम, माझ्याकडे टॅबवर हाच कार्यक्रम आहे. मी कधी आवाज बंद करून बघितलंच नाही.” केंद्रप्रमुखांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “पुढच्या वेळी आता काय करताय ते सांगा.” कारखानदार गृहस्थ निघताना मला म्हणाले, “बाई, मलाही तिसरीपर्यंत वाचता येत नव्हतं. कुणाला कळलं नव्हतं.” एवढं बोलून ते गाडीत बसले.

मग खरं काम सुरू झालं. मी वर्गात एकच नियम केला: आधी तोंड, मग बोट. म्हणजे शब्द आधी स्वतः वाचून म्हणायचा आणि त्यानंतरच पॅनेलला हात लावायचा. भोंगा सगळ्यात शेवटी, आपण बरोबर होतो का ते बघायला. पॅनेलमध्ये पडदा नावाची एक सोय होती, जी मी तोवर वापरलीच नव्हती. लिहिलेल्या शब्दावर एक काळी पट्टी यायची आणि ती बोटानं हळूहळू सरकवता यायची. मी पट्टी जरा सरकवायचे, ‘बा’ दिसायचं. मुलं म्हणायची बा. आणखी सरकवलं की ‘ग’. बाग. जे काम पूर्वी मी पुठ्ठ्याच्या तुकड्यानं करायचे तेच, पण इथं सगळा वर्ग एकाच अक्षराकडे बघायचा.

त्या मुलीला हे अजिबात आवडलं नाही. तिची सवय अंदाजाची होती. ‘का’ दिसला की ती ओरडायची, “काकडी!” मी पट्टी सरकवायचे आणि पुढं ‘व’ निघायचा. कावळा. असा अंदाज तिसऱ्यांदा चुकला तेव्हा ती चिडली. जागेवर जाऊन खिडकीबाहेर बघत बसली. त्यानंतर आठवडाभर ती पॅनेलजवळ आली नाही. चांदण्याही बंद झाल्या होत्या, त्याचाही तिला राग असणार. मी तिला ओढून आणलं नाही, पण मला झोप लागायची नाही असे ते दिवस होते. वाटायचं, हिला जे काही येत होतं तेही मी काढून घेतलं.

मार्चमध्ये मी आणखी एक गोष्ट सुरू केली. प्रत्येक मुलानं एक वाक्य सांगायचं आणि मी ते पॅनेलवर टाइप करायचं, जसं बोललं तसं. कुणी सांगितलं, ‘आमच्या बागेत ट्रॅक्टर आला.’ कुणी सांगितलं, ‘माझा मामा लष्करात हाय.’ त्या मुलीनं जागेवरूनच सांगितलं, “आमच्या शेडवर लय माशा हायत.” मी तेच टाइप केलं.

मुख्याध्यापक दारातून बघत होते. “मॅडम, हायत? ‘आहेत’ लिहा. उद्या कुणी बघितलं तर?”

“लिहिते सर, उद्या ‘आहेत’ पण लिहिते. आज तिच्या तोंडातलं राहू दे.”

मुलगी उठून जवळ आली. शब्दाशेजारी भोंगा नव्हता. मी स्वतः टाइप केलेलं असल्यामुळे कार्यक्रमातल्या त्या बाईचा आवाज तिथं असणार नव्हता, आणि असता तरी ‘हायत’ तिला म्हणता आलं नसतं. मुलीनं थोडा वेळ शोधलं. मग बोट हवेत धरून, पॅनेलला न लावता, म्हणाली, “हा. य. त.” आणि माझ्याकडे वळली. “हायत!”

मला लगेच खूश व्हायचं नव्हतं. वाक्य तिचंच होतं, तिला पाठ होतं. एकदा फसल्यावर माणूस सावध होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या वाक्यांतले शब्द उचलले, इकडचे तिकडे केले, एक नवा शब्द घातला आणि पॅनेलवर लिहिलं: ‘आमच्या बागेत लय साप हायत.’ कुणालाच काही सांगितलं नाही. तिला बोलावलं. ती आली, पण नाखुशीनंच.

तिनं वाचायला बराच वेळ घेतला. ‘आमच्या’ मधला च्या तिला ओळखीचा होता. ‘बागेत’ ला दोनदा मागं गेली. ‘साप’ पाशी ती थांबली. सा. प. परत सा. प. ओठ हलत होते. मग एकदम ती माझ्या अंगावर ओरडली, “बाई! खोटं हाय ह्ये! बागेत साप न्हाईत!”

सगळा वर्ग उठून पुढं आला. ज्यांच्या द्राक्षबागा होत्या ती मुलं सापांबद्दल बोलायला लागली, दोघांचं भांडण जुंपलं, एकानं तर त्याच्या काकाला चावलेल्या सापाची लांबी दोन्ही हातांनी दाखवली. ती मात्र पॅनेलसमोरच उभी होती आणि मला म्हणत होती, “तुमी खोटं लिवलंय. पुसा ते.” मी म्हणाले, तूच पूस. तिनं तळहातानं ‘साप’ तेवढा पुसला आणि बाकीचं वाक्य ठेवलं.

त्या दिवशी तिची आई पोरीला न्यायला आली तेव्हा मी तिला वर्गात बोलावलं आणि मुलीला पुस्तकातला एक शब्द वाचायला सांगितला. मुलीनं वाचला. आईनं मला विचारलं, “ह्ये कागूदच हाय न्हवं?” मी म्हणाले, कागदच आहे. तिनं पुस्तक हातात घेतलं, पानावरून बोट फिरवलं आणि परत दिलं. मी तिला म्हटलं, तुम्हीही येत जा, संध्याकाळी अर्धा तास बसू. ती म्हणाली, “बघू बाई, माल संपू द्या शेडवरचा.” माल संपला, पुढचा आला. ती आली नाही. मीही परत विचारलं नाही, ते माझ्या मनात राहिलं आहे.

सगळीच मुलं त्या वर्षी वाचायला लागली असं झालं नाही. पहिलीतली दोन मुलं तशीच वर गेली. त्यांना मी पुढच्या वर्षी पुन्हा पट्टीसमोर बसवलं. एप्रिलमध्ये उन्हाळ्यामुळे वीज सारखी जायची आणि पॅनेल दुपारभर काळं असायचं. तेव्हा मी कपाटातली पातळ गोष्टीची पुस्तकं काढून मुलांच्या हातात दिली.

त्या मुलीला एका शेळीची गोष्ट मिळाली. शेळी बाजारात हरवते आणि घर शोधत फिरते. एका पानावर दोन-तीन ओळी, पण तिला पान संपवायला इतका वेळ लागायचा की मला तिच्या शेजारी बसून दुसऱ्या मुलांच्या वह्या तपासता यायच्या. मधेच खिचडीची घंटा झाली. ताटं वाजायला लागली, मुलं व्हरांड्यात रांगेत बसली. मी तिला म्हणाले, “चल, जेवून घे. उरलेलं मी वाचून दाखवते नंतर.”

“नगं,” ती म्हणाली. “तुमी सांगू नका.”

तिनं पुस्तक मांडीवर धरलं आणि ओळीखाली बोट ठेवून पुढं वाचायला लागली. ही गोष्ट तिला आधी कुणी सांगितलेली नव्हती. शेळीचं पुढं काय होतं हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. मी बाहेर गेले, तिचं ताट वाढून झाकून ठेवलं आणि व्हरांड्यातून आत बघत उभी राहिले. तिची आणखी चार पानं राहिली होती.